धुलाईघरातले नव्वद हिरवे दिवस

३ मार्च, सोमवार

तीन फिटरांपैकी एकाला घरी पाठवायचं आहे, आणि कोणाला, ते नाव एकतीस मेपर्यंत मी द्यायचं आहे. साहेबांनी आज सकाळी हे उभ्याउभ्याच सांगितलं. उद्या कोणी विचारलं की बाई, काय पाहून ठरवलंत, तर उत्तर माझ्या अक्षरात हवं. म्हणून ही वही. एरवी मनातलं कागदावर काढायची मला हौस नाही.

आमचं धुलाईघर चार रुग्णालयांच्या चादरी, गाऊन आणि ऑपरेशनचे कपडे धुतं. यंत्रं तेरा: पाच धुण्याची, चार ड्रायर, दोन रोलर इस्त्र्या, एक बॉयलर, एक कॉम्प्रेसर. नंबर ह्याच ओळीने, म्हणून ड्रायर सहा ते नऊ. बावीस वर्षं त्यांच्या देखभालीची नोंदवही मी लिहिली. आज साहेबांनी ती कपाटात टाकली. आता देखभालीचं सॉफ्टवेअर आलं आहे. कोणत्या यंत्राचं कोणतं काम कधी करायचं ते हे सांगणार. फिटरने यंत्रावरचं स्टिकर फोनने स्कॅन करून 'झालं' दाबलं की भिंतीवरच्या पडद्यावर त्या यंत्राचा चौकोन हिरवा. वेळ टळली की लाल. दर महिन्याला फिटरांचे क्रमांक लागणार. तिसरा येईल, त्याचं नाव मी द्यायचं.

मला हे पटलं. माणूस आवडतो म्हणून ठेवला आणि आवडत नाही म्हणून काढला, असं माझ्या हातून कधी झालेलं नाही आणि ह्यापुढे तर होऊच शकणार नाही.

साहेब म्हणाले, "बाई, मला फक्त हिरवळ दिसली पाहिजे."

५ मार्च, बुधवार

सॉफ्टवेअर कंपनीची ट्रेनर आली होती. मुलगी हुशार, पण बोलताना प्रत्येक वाक्याला 'ओके?' विचारते. तेरा यंत्रांना तिने स्वतः तेरा स्टिकरं लावली. "स्टिकर यंत्रावरच हवं मॅडम. म्हणजे स्कॅन करणारा माणूस यंत्रापाशी उभा होता हे कळतं. ओके?" मी म्हटलं, ओके.

तिघे फिटर मागे हाताची घडी घालून उभे. इथे सगळ्यांनाच टोपणनावं आहेत आणि ती मी ठेवलेली नाहीत. बिजली: चाळिशीचा, ड्रायर आणि कॉम्प्रेसर सांभाळतो, काम सांगायच्या आत पळतो. होहो: रोलर इस्त्र्या, कशालाही हो म्हणतो. आणि थांबा. हा सगळ्यांत जुना, धुण्याची यंत्रं आणि बॉयलर त्याचे. काहीही विचारा, पहिला शब्द 'थांबा'.

ट्रेनरने विचारलं, "कुणाला काही शंका?"

थांबा म्हणाला, "थांबा. बिघाड दिसला, पण यंत्र आपल्या वाटणीचं नाही, तर?"

"तर कुठल्याही यंत्राच्या पानावर जाऊन खाली 'शेरा' आहे ना, तिथे लिहायचं. ओके?"

त्याने खिशातून चिठोरं काढून हे लिहून घेतलं. फोन शिकवायला आलेल्या मुलीसमोर कागदावर! बिजलीला हसू आवरेना.

१० मार्च, सोमवार

पडदा पाहून कपाळावर हात मारायची पाळी. तेरापैकी आठ चौकोन लाल. कामं झाली आहेत, पण स्टिकरं नाहीत. वाफेने आणि साबणाच्या पाण्याने त्यांची लक्तरं झाली. ड्रायर नऊचं स्टिकर एका चादरीला चिकटून रुग्णालयात पोचलं. तिथल्या सिस्टरचा फोन आला: "हे स्कॅन केलं तर 'पट्टा ताणून पाहा' असं येतंय. पेशंटचा का?"

मी तिला चादर परत पाठवायला सांगितलं.

तिघांना बोलावून एक नियम आजच घालून दिला. तोंडी काही सांगायचं नाही. जे असेल ते सॉफ्टवेअरमध्ये. मी तोंडी काही ऐकणार नाही, म्हणजे पुढे माझ्याही तोंडावर कोणी काही ढकलायला नको.

१४ मार्च, शुक्रवार

प्रश्न सुटला, आणि मीच सोडवला. तेरा स्टिकरं नव्याने छापून घेतली, प्लास्टिकमध्ये घातली, आणि एका पांढऱ्या बोर्डावर ओळीने लावून बोर्ड माझ्या केबिनच्या दाराशेजारी, चहाच्या टेबलाच्या वर टांगला. स्वच्छ, कोरडं, डोळ्यांच्या उंचीवर. खाली यंत्राचं नाव माझ्या अक्षरात. कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना लेबलं मीच लावायचे. तो हात अजून गेलेला नाही.

बिजली म्हणाला, "बाई, तुमच्या डोक्याला मानलं!"

होहो म्हणाला, "हो, हो."

थांबा बोर्डाकडे बराच वेळ पाहत राहिला. कौतुक करताना ह्या माणसाला शब्द सुचत नाहीत.

२१ मार्च, शुक्रवार

एका आठवड्यात एकोणनव्वद टक्के हिरवं. साहेब पडद्यापुढे उभे राहून चहा प्यायले. बिजली कालच्या दिवसात एकवीस कामं करून मोकळा! पूर्वी नऊ व्हायची. यंत्र तेच, माणूस तोच. शिस्त लावली की काय होतं ते दिसतं.

थांबाची मात्र धुण्याची यंत्रं पिवळीच. पिवळं म्हणजे अर्धवट. चौकशी केली तर म्हणाला, "बेअरिंग बदललंय, बाई. तीन दिवस गरम होतंय का बघतो, मग बंद करतो काम."

"बदललं म्हणजे झालं."

"थांबा. बदलणं झालं. बरं झालंय का ते अजून कळायचंय."

असा शब्दांचा कीस पाडणारा माणूस मला चालत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

बोर्डावरची सहा स्टिकरं गायब! सगळं धुलाईघर पालथं घातलं. मिळाली कुठे? धुण्याच्या पाच यंत्रांवर आणि बॉयलरवर, तांब्याच्या तारेने बांधलेली. थांबाचं काम. मी तिथल्या तिथे लेखी खुलासा मागितला. त्याने उत्तर एका ओळीत दिलं: 'यंत्र तिथे आहे म्हणून स्टिकर तिथे लावले.'

हा उद्धटपणा मी फाइलला लावला. स्टिकरं बोर्डावर परत.

१ एप्रिल, मंगळवार

पहिला निकाल. बिजली पहिला, होहो दुसरा, थांबा तिसरा. पहिल्या दोघांत तीन गुणांचं अंतर. दुसऱ्या-तिसऱ्यात एकेचाळीस.

कारणं नीट पाहिली, कारण मला कोणावर अन्याय करायचा नाही. एक, थांबाला प्रत्येक कामाला इतरांपेक्षा दहा-बारा मिनिटं जास्त लागतात. का, म्हणून विचारलं. म्हणाला, "चालत जातो, बाई. आधी यंत्राकडे, मग बोर्डाकडे." वय झालं, दुसरं काय. दोन, बंद पडलेलं यंत्र चालू करण्याचे वेगळे गुण असतात. बिजलीने महिन्यात अकरा वेळा ड्रायर चालू करून दिले. अकरा वेळांचे गुण. थांबाला ह्या खात्यात शून्य. त्याचं एकही यंत्र महिनाभर बंद पडलं नाही, तर तो तरी काय करणार! नशीब म्हणायचं.

घरी हे सांगितलं तर हे म्हणाले, "मग त्याने एखादं यंत्र मोडून घ्यावं की स्वतःच."

निवृत्त शिक्षकाला सगळ्याची थट्टा सुचते.

७ एप्रिल, सोमवार

घरातही शिस्त हवी. फ्रिजवर कागद लावला: गिझर, पंखे, पाण्याची टाकी, गॅसची नळी. पुढे वार, पुढे चौकट. हे दिवसभर घरी असतात. पाहून बरोबरची खूण करायची, एवढंच.

हे म्हणाले, "हुकूम, बाईसाहेब. सॉफ्टवेअर चहा देईल का?"

१६ एप्रिल, बुधवार

फ्रिजवरच्या कागदावर गेल्या नऊ दिवसांच्या सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच दमात केलेल्या, आणि शुक्रवारचीही आजच केलेली! पाण्याची टाकी मी स्वतः वर जाऊन पाहिली. झाकण उघडं, आत कबुतराचं पीस.

"अहो, टाकी पाहिलीत म्हणून खूण केलीत ना?"

"अगं, कागद स्वयंपाकघरात आहे. टाकी गच्चीवर आहे."

"म्हणजे बसल्या जागेवरून खुणा करता?"

"कागद जिथे आहे तिथूनच करणार ना मी."

अर्धा तास बोलले मी. माणसं अशी का वागतात हेच मला समजत नाही. आमच्या धुलाईघरात असलं काही चालत नाही म्हणून बरं.

२२ एप्रिल, मंगळवार

चौऱ्याण्णव टक्के. मुख्य कार्यालयाने आमच्या पडद्याचा आणि बोर्डाचा फोटो काढून इतर धुलाईघरांना पाठवला. 'बोर्ड पद्धत' असं त्याला नावही दिलं. दोन ठिकाणी तसेच बोर्ड लागले. मी मुद्दाम कोणाला सांगायला गेले नाही. पण फोटोत बोर्डावरचं माझं अक्षर वाचता येतं.

दुपारी थांबा केबिनच्या दारात. "बाई, तो सहा नंबरचा ड्रायर..."

"सॉफ्टवेअरमध्ये लिहिलंत?"

"लिहिलंय."

"मग झालं. तोंडी काही नको, सांगितलंय ना?"

"थांबा, बाई, पण..."

"तुम्ही थांबा. मी मीटिंगला चाललेय."

ड्रायर त्याच्या वाटणीचा नाहीच. आपले आकडे तळाला गेले की दुसऱ्याच्या यंत्रात डोकावायची बुद्धी होते.

३० एप्रिल, बुधवार

दुसरा निकाल. थांबा तिसराच. अंतर आता साठच्या वर.

त्याला बोलावून सरळ सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. "मेअखेर नाव द्यायचंय. आकडे असेच राहिले तर तुमचं द्यावं लागेल."

तो म्हणाला, "मुलीचं शेवटचं वर्ष आहे, बाई. नर्सिंगचं. आपल्याच चादरी जातात तिच्या वॉर्डात."

मी म्हटलं, आकड्यांत हे बसत नाही. तो म्हणाला, "नाही बसत. बरोबर आहे." आणि गेला. दार ओढून घेताना बिजागरी कुरकुरली. तो परत वळला, खिशातल्या डबीतलं तेल बोटाने लावलं आणि गेला. ह्याचीही नोंद केली नाही त्याने.

झोप लागत नाही. उकाडा फार आहे.

१२ मे, सोमवार

अठ्ठ्याण्णव टक्के. साहेब म्हणाले, "बाई, उरलेले दोन कुठे अडकलेत?" मी थांबाकडे बोट दाखवलं.

१९ मे, सोमवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

अकरा चाळीसला मी केबिनमधून बाहेर आले. चहाच्या टेबलाशी बिजली. एका हातात कप, दुसऱ्यात फोन. बोर्डावरची ड्रायरची स्टिकरं एकामागून एक स्कॅन करत होता. मी विचारलं, "आटोपलं का?" तो म्हणाला, "चारही झाले, बाई." पडद्यावर चार चौकोन टपटप हिरवे झाले. मी 'छान' म्हटलं. म्हटलं मी हे.

अकरा बावन्नला सहा नंबरच्या ड्रायरमधून धूर निघाला. मी पोचले तेव्हा आत जाळ दिसत होता. ड्रायरवर काम करणाऱ्या मावशींनी ओल्या चादरी काढण्यासाठी हात घातला होता. त्यांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत फोड. थांबा धुण्याच्या यंत्राकडून धावत आला, मागचा मुख्य खटका पाडला, आगीवर फवारा मारला. सगळं पाच-सात मिनिटांत. मावशींना रुग्णालयात नेलं. हात वाचेल म्हणतात.

थंड झाल्यावर मी स्वतः मागचं झाकण काढायला लावलं. कपड्यांतून निघणारा कापसाचा भुसा अडवायला आत जाळी असते. ती दर पाळीला साफ करायची. भुसा उशीएवढा जाड बसला होता. उशी म्हणते मी ते मोजून. आणि जाळी एका कोपऱ्यात फाटलेली. तिथून भुसा थेट गरम नळ्यांवर.

मी पडद्यापाशी आले. ड्रायर सहा: हिरवा. 'जाळी साफ केली. वेळ ११.४०.' सतरा मार्चपासून एकशे चौतीस वेळा जाळी साफ झाल्याची नोंद. एकही चुकलेली नाही.

बिजलीला विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "बाई, बोर्ड इथे आहे ना..."

पुढचं वाक्य मी महिन्यापूर्वी घरी ऐकलं होतं.

२० मे, मंगळवार

आज बिजलीने ड्रायरच्या नळ्या बदलून संध्याकाळी चालू केला. पडद्यावर फटाक्याचं चित्र आलं: 'अभिनंदन! मोठा बिघाड वेळेच्या आत दुरुस्त.' त्याला पन्नास गुण. थांबाचं एक काम काल आग विझवताना वेळेवर नोंदलं गेलं नाही, त्याचे पाच वजा.

बिजली पडद्याकडे पाहत होता. हसला नाही.

मी थांबाला केबिनमध्ये बसवलं. बसायला सांगितलं, हे लिहून ठेवते, कारण बावीस वर्षांत तो तिथे कधी बसलेला मला आठवत नाही.

"सहा नंबरचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"लिहिलंय, बाई."

"कुठे?"

त्याने माझाच फोन घेतला. ड्रायर सहाचं पान, खाली सरकवलं, 'शेरे' दाबलं. दाबायला तीन वेळा बोट टेकवावं लागतं. मी एकदाही टेकवलं नव्हतं. पडद्यावर शेरे दिसतच नाहीत. पडदा फक्त रंग दाखवतो.

'३१ मार्च. जाळीला भुसा. दोन बोटे.'

'१९ एप्रिल. जाळी फाटली. भुसा नळीवर जातो. बंद ठेवावा.'

'२२ एप्रिल. बाईंना सांगायला गेलो. त्या मीटिंगला.'

'९ मे. जळका वास. मावशींना सांगितले, वास वाढला तर लाल बटण दाबा.'

'१७ मे. पुन्हा वास. जाळी माझ्याकडून साफ केली. भुसा अर्धाच निघाला. बंद ठेवावा.'

"तुम्हीच म्हणाला होतात, तोंडी काही नको, जे असेल ते ह्यात लिहा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

२१ मे, बुधवार

दिवसभर दार लावून शेरे वाचले. तेरा यंत्रांवर मिळून दोनशे चौदा. दोनशे सहा थांबाचे. पाच होहोचे, पाचही 'हो, बघितले.' तीन बिजलीचे, पहिल्या आठवड्यातले, बोर्ड लागण्याआधीचे. तेव्हा तोही नीट लिहीत होता. हे मला सर्वांत जास्त लागलं.

सॉफ्टवेअरमध्ये सगळं होतं. कोणतं बेअरिंग कधी तापतं, कोणता पट्टा कोणत्या बाजूने झिजतो, बॉयलरचं पाणी कोणत्या वारी खराब येतं. माझ्या नोंदवहीत बावीस वर्षांत इतकं नव्हतं. त्या मुलीने आणलेली वस्तू चांगली होती. यंत्रापाशी जाऊन वापरायची होती. मी ती चहाच्या टेबलावर टांगली.

घरी आगीचं सांगितलं. ह्यांनी एक शब्द थट्टा केली नाही. थोड्या वेळाने स्टूल घेऊन स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा पुसत बसले. आजच का सुचलं, कोण जाणे. कागदावर खूण करायला विसरले.

२३ मे, शुक्रवार

अहवाल लिहिला. चार पानं. क्रमांक खोटे आहेत, कारण स्कॅन यंत्रापाशी झालेले नाहीत, आणि ते तसे झाले नाहीत कारण बोर्ड मी लावला. आगीचा फोटो, एकशे चौतीस नोंदी, दोनशे चौदा शेरे जोडले.

साहेबांनी वाचला आणि दार लावून घेतलं.

"बाई, हे वर गेलं तर आपलं पाहून दोन ठिकाणी बोर्ड लागले त्याचं काय?"

"ते उतरवायला सांगा."

"अहो, आपले अठ्ठ्याण्णव टक्के!"

"मावशींचा हात त्यात धरलाय का?"

साहेब खुर्चीत मागे टेकले. "तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. कशाला ओढवून घेताय?"

मी म्हटलं, पाठवलाय. सकाळीच. तुम्हाला प्रत दिली.

२७ मे, मंगळवार

मुख्य कार्यालयाचं उत्तर. पहिला परिच्छेद अभिनंदनाचा. दुसऱ्यात, आग ही 'एकाकी घटना'. तिसऱ्यात, बोर्ड पद्धतीचा फेरविचार योग्य वेळी होईल. चौथ्यात, देखभाल विभागातून एक माणूस कमी करण्याचा निर्णय कायम. नाव ऑनलाइन अर्जात एकतीसच्या आत भरावे.

योग्य वेळेची वाट न पाहता मी बोर्ड आज उतरवला. स्टिकरांऐवजी पत्र्याच्या पट्ट्यांवर स्कॅनच्या खुणा कोरून घेतल्या आणि थांबा व होहोने त्या यंत्रांना रिव्हेट मारून ठोकल्या. ड्रायरच्या चार पट्ट्या बिजलीने स्वतः ठोकल्या. एक वाकडी बसली. काढून पुन्हा ठोकली. मी काही बोलले नव्हते.

आजचा पडदा: चोपन्न टक्के. पहिल्यांदाच मला तो खरा वाटला.

२९ मे, गुरुवार

अर्ज उघडला. 'कमी करावयाचे नाव' ह्याच्यापुढे यादी येते, त्यातून निवडायचं. रिकामं सोडता येत नाही. मी चार वेळा रिकामं पाठवून पाहिलं. चार वेळा लाल अक्षरात 'नाव निवडा'.

बिजलीचं निवडलं असतं. दोन दिवसांपूर्वी माझ्या मनात तेच होतं. पण दार उघडं ठेवून, वर दिवा लावून, आत या म्हणणारी मी आणि आत आला म्हणून चोर तो, हे मला पटेना. थांबाचं तर देणंच नाही. होहोने मला काही केलेलं नाही, आणि इतरांनाही.

यादीत चार नावं होती. तिघे फिटर आणि देखभाल विभागप्रमुख. ती मी.

निवडलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'चूक बोर्डाची. बोर्ड माझा.' पाठवा दाबलं. 'नोंद पूर्ण झाली' आणि चौकोन हिरवा.

त्याग वगैरे शब्द कोणी वापरला तर मी तिथून उठून जाईन. आठ महिन्यांनी जायचं ते आता जातेय.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे टाकी बघायला आता दोघं." आणि मग, चष्मा पुसत, "बरं केलंस."

३१ मे, शनिवार

माझ्या जागी कोण, तर क्रमांक एक. बिजली. मुख्य कार्यालय आकड्यांनीच चालतं. थांबाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "थांबा, बाई. माणूस हुशार आहे. जवळ गेला तर कळेल त्याला."

कार्यभार सोपवण्याचा कागद मी तयार ठेवला होता. बिजली पेन उघडून उभा. "सही करून टाकतो, बाई, मग निवांत बघू."

"आधी हात," मी म्हटलं.

तेरा यंत्रं. प्रत्येकापाशी गेलो. त्याने हात ठेवला, झाकण काढलं, आत बोट फिरवलं, आणि काय आहे ते मोठ्याने सांगितलं. मी लिहिलं. तीन ठिकाणी थांबाने मागून 'थांबा' म्हटलं आणि त्याने पुन्हा पाहिलं. सहा नंबरच्या जाळीपाशी तो उगाच जास्त वेळ थांबला. मीही घाई केली नाही. मावशी हाताला पट्टी बांधून परवापासून येताहेत, घड्या घालायच्या टेबलावर बसतात, त्यांनी लांबून पाहिलं आणि म्हणाल्या, "नीट बघ रे, बाबा." साडेतीन तास लागले.

सोपवल्याची नोंद खालीलप्रमाणे. पडद्यावर दिसतं ते लिहिलेलं नाही.

धुण्याचं यंत्र दोन. दाराचं रबर एका जागी चिरलेलं. महिनाभर चालेल, दोन नाही.

ड्रायर सहा. जाळी नवी. दर पाळीला हाताने साफ. भुसा टोपलीत दिसला पाहिजे.

ड्रायर नऊ. पट्टा डावीकडे सरकतो. कारण अजून सापडलेलं नाही. 'सापडलं' असं लिहू नये.

रोलर इस्त्री अकरा. उजवं बेअरिंग तापतं. हात पाच मोजेपर्यंत ठेवता आला तर ठीक.

बॉयलर. व्यवस्थित. ज्याने ठेवला त्याला विचारत जावं.

कपाटाची किल्ली एक. जुनी नोंदवही आत.

शेरे दोनशे चौदा आणि त्यानंतरचे, सर्व वाचलेले. पुढचे रोज सकाळी वाचायचे, चहाच्या आधी.

माणसं तीन. तिघेही चालू.

देणारी, मी. घेणाऱ्याने सही केली. हाताला ग्रीस होतं, त्यामुळे सहीशेजारी अंगठ्याचा काळा ठसा उमटला. तो नवा कागद मागत होता. मी दिला नाही.